पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीची वारसनोंद

ज्या काळी भूमीवर गवताचे पाते नव्हते, आकाशात पंख नव्हता, आणि समुद्रातही ज्याला दात, कवच किंवा काटा म्हणावे असे अजून जवळजवळ काहीच निर्माण झालेले नव्हते, त्या काळी सागरतळावर पसरून राहिलेल्या मऊ अंगाच्या जीवांचे ठसे आज ऑस्ट्रेलिया, रशिया, नामिबिया आणि न्यूफाउंडलंड येथील खडकांत सापडतात. हे ठसे कोणाचे, या प्रश्नावर विद्वानांत गेली पाऊणशे वर्षे जो वाद चालला आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. कारण मेलेल्याचे कूळ कशावरून ठरवावे आणि पुरावा म्हणून काय रुजू करून घ्यावे, याची इतकी कसून तपासणी दुसऱ्या कोणत्या शास्त्रात झाली असेल असे वाटत नाही. त्या वादाच्या दोन बाजू मी ज्यांच्या तोंडून ऐकल्या त्यांपैकी नाना हे महाविद्यालयात भूविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, तर रावसाहेबांची सारी हयात मामलेदार कचेरीत वारसनोंदी आणि फेरफार तपासण्यात गेलेली. रावसाहेब भीमबेटका पाहून आले होते, आणि बोलण्याला आरंभ तेथूनच झाला.

रावसाहेब : भीमबेटकाच्या ज्या शिलाश्रयांतील चित्रे विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली उजेडात आणली, ते पाहावयास मी गेलो खरा, परंतु तेथे ज्याला ऑडिटोरियम म्हणतात त्या प्रशस्त गुहेत शिरल्यावर माझी दृष्टी चित्रांवर ठरेना. २०२१ साली वर्तमानपत्रांतून छापून आले होते की, या गुहेत उंच जागी डिकिन्सोनिया नामक अतिप्राचीन प्राण्याचा ठसा अमेरिकेतील ग्रेगरी रेटॅलॅक आणि त्यांचे सहकारी यांना आढळला असून त्यावरून विंध्य खडकांच्या वरच्या थरांचे वय सुमारे ५५ कोटी वर्षे ठरते. पुढे दोनच वर्षांनी जोसेफ मीर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच जागा पुन्हा तपासली आणि दाखवून दिले की, तो जीवाश्म मुळीच नव्हे. मधमाश्यांचे पोळे खडकाला चिकटून कुजले, त्याचा अवशेष तेवढा मागे राहिला, आणि आता तोही पापुद्र्यांनी सुटून पडत आहे. त्या कड्यांना आग्या मोहोळे लोंबताना मी स्वतः पाहिली. कचेरीत एखादा दस्त खोटा ठरला की त्या दप्तरातले बाकीचे दस्तही आम्ही पुन्हा उघडीत असू. म्हणून विचारतो : मोहोळाला जे शास्त्र प्राणी समजले, त्याने ऑस्ट्रेलियातल्या डिकिन्सोनियाला प्राणी म्हटले, तर त्यावर भरवसा कोणत्या आधारावर ठेवावा?

नाना : दप्तर पुन्हा उघडण्याचा तुमचा हक्क मला मान्य आहे, कारण ते उघडले गेले म्हणूनच भीमबेटकाचा दस्त रद्द झाला, आणि रेटॅलॅक यांनीही तो फेरनिर्णय स्वीकारला. पण ती चूक कोठे झाली हे पाहिले पाहिजे. आकार जुळला, लांबट अंडाकृती कड जुळली, मध्यरेषेपासून दोहोंकडे गेलेल्या शिरा जुळल्या, आणि आकार जुळला म्हणून नाव दिले गेले. वास्तविक पहिला प्रश्न आकाराचा नसतो. हा जीव या जागी आला कसा, हा असतो. सागरतळावर पडून राहिलेल्या जीवाचा ठसा गाळाच्या थराच्या पृष्ठभागावरच मिळेल. भीमबेटकाचा आकार होता खडक फुटून उघड्या पडलेल्या भेगेच्या पृष्ठावर. ही एक गोष्ट पुढचे सारे प्रतिपादन थांबवावयास पुरेशी होती.

रावसाहेब : मग ऑस्ट्रेलियात तो थराच्या पृष्ठावर मिळतो, हे मी गृहीत धरतो. परंतु ज्याच्या अंगात हाड नाही, ज्याला शिंप नाही, असा जीव रेतीत मेल्यावर दोन दिवसांत नाहीसा व्हावयाचा. त्याचा ठसा, आणि तोही जाडसर वाळूच्या खडकात, उरला कसा? मला तर हीच गोष्ट सर्वांत संशयास्पद वाटते.

नाना : रेजिनाल्ड स्प्रिग या तरुण सरकारी भूवैज्ञानिकाला १९४६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील एडियाकरा टेकड्यांत, जुन्या बंद पडलेल्या खाणींची पाहणी करीत असता, ते ठसे प्रथम दिसले, तेव्हा लोकांना हाच संशय आला होता, आणि पुष्कळ दिवस त्यांच्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. त्याचा उलगडा पुढे जेम्स गेहलिंग यांनी १९९९ साली मांडला. त्या काळचा सागरतळ आजच्यासारखा मोकळ्या वाळूचा नव्हता. त्यावर सूक्ष्मजीवांचा चिवट, सायीसारखा थर सर्वत्र पसरलेला असे, कारण तो खाणारे आणि उकरणारे जीव अद्याप फारसे झालेले नव्हते. वादळाने वाळू येऊन पडली की त्या थरावरचे मऊ जीव जागच्या जागी दबत. वाळूवर नवा सूक्ष्मजीवांचा थर वाढे. आणि कुजण्याच्या क्रियेतून लोहमाक्षिकाचे सूक्ष्म कण वाळूच्या तळाशी जमून तिला घट्ट करीत. आतले शरीर विरघळून जाई, पण त्याआधीच त्याच्यावरची वाळू कठीण झालेली असल्यामुळे तिच्या खालच्या बाजूस त्याचा साचा कायम राही. म्हणून ते ठसे वालुकाश्माच्या फरशीच्या वरच्या अंगाला नव्हे, खालच्या अंगाला सापडतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातीलच नीलपेना येथे अशा फरशा एकेक करून उलथून, समुद्रतळाचा सलग भाग जसाच्या तसा मांडून, त्यावरचे जीव कसे पसरले होते याची पाहणी केली गेली आहे.

रावसाहेब : ही कैफियत मला पटण्यासारखी आहे, कारण ती एका ठशाची नसून सर्व ठशांची आहे. आता कुळाकडे येऊ. मी वाचले आहे त्याप्रमाणे स्प्रिग यांनी या वर्तुळाकार आकारांना जेलीफिश म्हटले. पुढे मार्टिन ग्लेसनर यांनी कोणाला जेलीफिश, कोणाला वळयांकित कृमी, कोणाला समुद्रपिसे, असे करीत बहुतेकांची नोंद आजच्या प्राण्यांच्या चालू खात्यांवर केली. इंग्लंडमधल्या चार्नवुड जंगलात १९५७ साली रॉजर मेसन या शाळकरी मुलाला पानासारखा एक ठसा सापडला, जो त्याच्या आधीच्या वर्षी टीना नेगस या मुलीनेही पाहिला होता, पण तिचे कोणी ऐकले नाही. त्या चार्नियाला आधी शैवाल म्हटले, मग समुद्रपिसे म्हटले, आणि अगदी अलीकडे असे दिसून आले की समुद्रपिशाला नवा भाग बुडाकडे फुटतो, तर चार्नियाला तो शेंड्याकडे फुटे. म्हणजे तेही नाते तुटले. एकाच इसमाने तीन वेळा तीन आडनावे लावून अर्ज केला, तर कोणता मामलेदार त्याला वारस म्हणून लावून घेईल? ट्यूबिंगेनचे अडॉल्फ झाइलाखर यांनी १९८० च्या दशकात स्पष्ट सांगितले की, हे प्राणी नव्हेतच. शिवलेल्या गादीसारखी, पोकळ कप्प्यांची त्यांची घडण आज हयात असलेल्या कोणत्याही प्राण्याची नाही, तेव्हा त्यांचे स्वतंत्र राज्य मानावे. आणि तुमचे तेच रेटॅलॅक तर त्यांना दगडफुले म्हणतात, जमिनीवर वाढलेली!

नाना : झाइलाखरांनी या शास्त्रावर फार मोठा उपकार केला, असे मी वर्गातही सांगत असे. आकाराच्या सारखेपणावर नाते ठरवण्याची जी सवय लागली होती, ती त्यांनी मोडली. पण मोडल्यावर प्रश्न संपत नाही. आकाराची साक्ष बाद झाली, तर दुसरी साक्ष शोधली पाहिजे. ती मिळाली रशियात, श्वेत समुद्राच्या किनाऱ्यावर. तेथील थर ५५.८ कोटी वर्षांपूर्वीचे असून इतक्या दीर्घ काळात ते फारसे तापले नाहीत, त्यामुळे काही डिकिन्सोनियांच्या ठशांवर मूळ शरीराच्या सेंद्रिय द्रव्याची पातळ साय अद्याप टिकून आहे. इल्या बॉब्रॉव्स्की या तरुण संशोधकाने त्या कड्यांवर दोरांनी लोंबकळून शिळा काढल्या, ती साय खरवडून घेतली, आणि त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली तिचे पृथक्करण प्रसिद्ध केले. प्रत्येक प्रगत पेशीच्या आवरणात स्टेरॉल जातीचे रेणू असतात, आणि ते कोण कोणते बनवतो यात मोठा भेद आहे. बुरशी प्रामुख्याने एर्गोस्टेरॉल बनवते. हिरवी शैवाले आणि वनस्पती स्टिग्मास्टेरॉलच्या वळणाचे रेणू बनवतात. प्राणी कोलेस्टेरॉल बनवतात. डिकिन्सोनियाच्या सायीत कोलेस्टेरॉलच्या कुळातील रेणूंचे प्रमाण ९३ टक्क्यांपर्यंत निघाले, आणि त्याच शिळेवर ठशाच्या बाहेर, दोन बोटांच्या अंतरावर, मुख्यत्वे हिरव्या शैवालांचे रेणू निघाले. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा संसार. ते असते तर बुरशीचा रेणू तेथे असावयास हवा होता. तो जवळजवळ नाही.

रावसाहेब : थांबा. तांबडी शैवालेही कोलेस्टेरॉल बनवतात, असे मला स्मरते.

नाना : बरोबर स्मरते, आणि म्हणूनच मी एका साक्षीवर थांबत नाही. तांबडे शैवाल जागचे हलत नाही. डिकिन्सोनियाचे ठसे कित्येकदा एकापुढे एक असे फिकट उमटलेले सापडतात, आणि त्या रांगेच्या टोकाला कधी कधी खुद्द तो जीव असतो. सूक्ष्मजीवांच्या थरावर बसून खालच्या अंगाने तो थर शोषून घ्यावा, जागा संपली की पुढे सरकावे, असा त्याचा क्रम होता. काही मिलिमीटरांपासून जवळजवळ दीड मीटरपर्यंत तो वाढे, आणि ती वाढ ठराविक योजनेने, खंडामागून खंड जोडीत होई. द्रव्य प्राण्याचे, चाल प्राण्याची, वाढ प्राण्याची. या तीन साक्षी एकमेकींना न विचारता एकच सांगतात. आणि हे रसायन सर्वांनाच पास करीत नाही, हेही लक्षात घ्या. बेल्टानेलिफॉर्मिस नावाचे गोल आकार तेथेच सापडतात; त्यांनाही लोक प्राणी मानीत असत. त्यांची साय तपासली, तेव्हा ती निळ्या-हिरव्या जिवाणूंच्या वसाहतीची निघाली. जी कसोटी नापासही करू शकते तिच्या पास करण्याला किंमत आहे.

येथे रावसाहेब बराच वेळ बोलले नाहीत. मला स्वतःला त्या बेल्टानेलिफॉर्मिसच्या नापासाइतके दुसरे काही पटले नाही, हे नमूद करतो. कारण ज्या कसोटीतून आपल्या आवडीचा उमेदवारही बाद होऊ शकतो, तीच कसोटी हे तत्त्व न्यायासनापुढे जितके खरे, तितकेच प्रयोगशाळेतही.

रावसाहेब : डिकिन्सोनिया प्राणी होता, हे मी मान्य करतो. परंतु प्राणी असणे निराळे आणि आपला पूर्वज असणे निराळे. त्याला तोंड नाही, आतडे नाही, डावे-उजवे खंडही समोरासमोर येतात की एकाआड एक, यावरच वाद. गावात राहिलेला प्रत्येक इसम आपल्या घराण्यातला होत नाही.

नाना : मी त्यालाच पूर्वज म्हणत नाही. पण त्याच समुद्रतळावर किंबरेला राहात होता, ५५.५ कोटी वर्षांपूर्वी. त्यालाही प्रथम जेलीफिशच्या वर्गात घातले होते. १९९७ साली मिखाइल फेडोंकिन आणि बेंजामिन वॅगनर यांनी श्वेत समुद्राकडचे नमुने तपासून दाखवले की त्याला पुढची आणि मागची बाजू होती, डावे आणि उजवे सारखे होते, पाठीवर चिवट आच्छादन होते आणि खाली गोगलगाईसारखा स्नायूचा तळवा होता. त्याच्या पुढ्यात पंख्याच्या आकाराचे ओरखडे सापडतात; थर खरवडून खात तो मागे सरकत गेल्याचे ते चिन्ह आहे. २०२२ साली त्याच्या सायीतल्या रेणूंवरून असेही दिसून आले की त्याला आतडे होते आणि त्यात पचत असलेले शैवालांचे अन्न होते. ज्याला तोंड आहे, आतडे आहे, दिशा आहे, तो मृदुकायांचा साक्षात पूर्वज नसला तरी आपल्या आणि त्यांच्या समान घराण्याच्या उंबरठ्याच्या आतला आहे.

रावसाहेब : ओरखडे आणि वाटा यांवर तुमचा फार विश्वास दिसतो. पण वाटेनेही फसवले आहे, आणि तेही आपल्याच विंध्य खडकात. १९९८ साली त्याच झाइलाखरांनी, प्रदीप बोस आणि फ्रीडरिश फ्लुगर यांच्यासह, मध्य प्रदेशातील चोरहाट वालुकाश्मातल्या नागमोडी रेषा कृमींच्या वाटा म्हणून जाहीर केल्या आणि त्यांचे वय शंभर कोटींहून अधिक सांगितले. पुढे खडकांचे वय मोजले तेव्हा ते १६० कोटी निघाले, आणि इतक्या मागे कृमी असणे बहुतेकांना अशक्य वाटले. ज्या माणसाने एडियाकराच्या शरीरांना प्राणी म्हणणे नाकारले, तोच विंध्यातल्या रेषेला प्राण्याची वाट म्हणून बसला! त्याच वर्षी रफत आझमी यांनी रोहतास चुनखडीतून कँब्रियन वळणाचे सूक्ष्म जीवाश्म दाखवले, त्यावर त्यांच्या सचोटीपर्यंत वाद गेला; आणि २००९ साली स्टेफान बेंग्टसन यांनी खडक पुन्हा तपासले, तेव्हा निघाले काय, तर जीवाश्म अस्सल, पण खडक तेवढेच जुने, म्हणजे सुमारे १६० कोटींचे, आणि जीव शैवालांच्या व जिवाणूंच्या जातीचे. आपल्या विंध्याने या शास्त्राला जितके थकवले तितके दुसऱ्या कोणत्या डोंगराने थकवले असेल?

नाना : म्हणूनच वाटेबरोबर वाटसरू सापडला तर त्याचे मोल वेगळे. चीनमध्ये यांगत्सीच्या घळींत यिलिंगिया नावाचा खंडयुक्त कृमी सापडला, त्याचे वर्णन २०१९ साली आले. सुमारे २७ सेंटिमीटरांपर्यंत लांबीची त्याची काया आपल्या स्वतःच्या वाटेच्या शेवटी मरून पडलेली आहे. नीलपेनात तर उलट घडले. तांदळाच्या दाण्याएवढ्या कोणाच्या तरी वाटा कित्येक वर्षे माहीत होत्या, पण करणारा दिसत नव्हता. २०२० साली स्कॉट एव्हान्स, मेरी ड्रोसर आणि त्यांचे सहकारी यांनी लेसरने पृष्ठभाग मोजून त्या वाटांजवळचे बारीक लांबट खळगे ओळखले, ज्यांना एक टोक रुंद आणि एक निमुळते होते. त्या जीवाला त्यांनी इकारिया म्हटले. दोन ते सात मिलिमीटरांचा तो जीव वाळूत शिरे, मेलेल्या मोठ्या जीवांखाली अन्न शोधी. १८५९ साली डार्विनने स्वतःच लिहिले होते की, सर्वांत जुन्या जीवाश्मयुक्त थरांच्या खाली प्राण्यांचे अवशेष नसणे हा आपल्या उपपत्तीविरुद्धचा खरा आक्षेप आहे. त्या आक्षेपाचे उत्तर मी इकारियाच्या त्या खळग्यात पाहतो. साखळी तुटलेली नव्हती, रावसाहेब; कड्या लहान होत्या एवढेच.

रावसाहेब : तुमच्या साखळीशी माझे भांडण नाही. माझे भांडण हे की, साखळीत जे बसत नाहीत त्यांच्याकडे तुम्ही नजर टाकून पुढे जाता. न्यूफाउंडलंडमध्ये मिस्टेकन पॉइंट नावाची जागा आहे, ५६.५ कोटी वर्षांपूर्वीचा खोल समुद्रतळ, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडला गेलेला. ती १९६७ साली कोणाला सापडली? उत्तर प्रदेशातून तेथे शिकावयास गेलेल्या शिव बालक मिश्रा या विद्यार्थ्याला. तेथील जीव पिसांसारखे, चात्यांसारखे. एका फांदीला तशीच लहान फांदी, तिला तशीच आणखी लहान. सूर्यप्रकाश पोहोचत नाही अशा खोलीत ते उभे होते, म्हणून वनस्पती नव्हेत. तोंड नाही, पाय नाही, हालचाल नाही. त्यांतील एकाला २००७ साली फ्रॅक्टोफ्यूसस मिश्राई असे नाव दिले गेले. चेंगजियांग आणि बर्जेस या नंतरच्या काळातल्या जागा आहेत, जेथे मऊ अंगेही सुरेख जपली गेली. तेथे असे जीव, दोन वादग्रस्त नमुने वगळता, नाहीत. म्हणजे दप्तर जळाले म्हणून ते दिसत नाहीत, असे म्हणता येत नाही. ते गेले. ५३.९ कोटी वर्षांपूर्वी कँब्रियनला आरंभ झाला, कृमी खोल उभे उकरू लागले, तळावरची ती साय फाटली, आणि तिच्यावर जगणारे कायमचे संपले.

नाना : ते गेले हे खरे. पण त्यांचे कूळ कळले तर त्यांचे मोल वाढेल.

रावसाहेब : वाढेलही, पण त्यांचे मोल त्यावर अवलंबून आहे, असे मी कधीही कबूल करणार नाही. नाना, मी हजारो वारसनोंदी केल्या. ज्याच्या मागे मूल राहिले नाही त्याची जमीन भावाकडे गेली, सरकारात गेली. परंतु त्याने कसले, खंड भरला, बांध घातला, त्या सालच्या पीकपाहणीत त्याचे नाव लागले, ते खोडण्याचा अधिकार मला नव्हता. बेवारस मेलेला खातेदारही खातेदारच असतो. हे पिसांसारखे जीव कित्येक कोटी वर्षे सागरतळाचे धनी होते. फ्रॅक्टोफ्यूसस आपल्याभोवती धावत्या फांद्यांनी पिले लावी, असे त्यांच्या पुंजक्यांच्या मोजणीवरून दिसले आहे. म्हणजे त्यांचे कुटुंब होते, वस्ती होती, पिढ्या होत्या. आपल्यापर्यंत न पोहोचलेल्या वाटेला फसलेला प्रयोग म्हणावे, हा कोणता न्याय? जितका काळ माणूस आहे त्याच्या कितीतरी पट काळ ते होते.

या बोलण्यावर नाना लगेच काही बोलले नाहीत, पण त्यांनी आपले मत सोडले असेही नाही. मला विचाराल तर किंबरेला, इकारिया आणि यिलिंगिया यांच्याविषयी नानांचा निर्णय कायम करावा, आणि मिस्टेकन पॉइंटच्या पिसांची नोंद, वारसाचा रकाना मोकळा ठेवून, रावसाहेब म्हणतात तशी पूर्ण सन्मानाने लावावी.

नाना : एक विनंती मात्र तुम्हांलाही आणि विंध्यात, भीमा-कलादगीच्या खोऱ्यांत हिंडणाऱ्या प्रत्येकाला करतो. एखादा चमत्कारिक आकार खडकावर दिसला, तर त्याला छिन्नी लावू नका आणि तो घरी आणू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या. तो थराच्या पृष्ठावर आहे की भेगेच्या, थराच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, हे नोंदवा. जवळपास मोहोळ, वारूळ किंवा झाडाचे मूळ आहे का पाहा. आणि मग ती नोंद जवळच्या महाविद्यालयातील भूविज्ञान विभागाकडे किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कचेरीत द्या. मिस्टेकन पॉइंटवर आज जाणाऱ्याला वाटाड्याशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि शिळेवर चढण्यापूर्वी पायातले जोडे काढावे लागतात. आपल्या खडकांना तसे पहारेकरी मिळेपर्यंत ते काम पाहणाऱ्यानेच करावे.